दोनशे ग्रॅम पुढे

वजनकाट्यावर कुणी उभं नव्हतं, तरी सुई दोनशे ग्रॅम दाखवत होती. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. दोनशेच. दवाखान्याची खोली लहान होती. एका भिंतीवर उंची मोजायची पट्टी, कोपऱ्यात हात धुवायचं भांडं, मधे हा पांढरा, घड्याळासारख्या तबकडीचा उभा काटा. दुसरा कुठलाही बाप असता तर त्याने आपल्या मुलीकडे पाहिलं असतं. हा तबकडीकडे पाहत होता. नर्सने मुलीला, छटाकला, बूट काढायला लावले, दंडाला धरून वर उभं केलं. सुई थरथरली आणि तेराच्या पुढे एक घर जाऊन थांबली. "तेरा-शंभर," चिठ्ठीवर लिहीत नर्स म्हणाली. त्याचं तोंड उघडलं. "काय झालं?" नर्सने विचारलं. "काही नाही, जांभई आली," तो म्हणाला, आणि खरं वाटावं म्हणून त्याने एक जांभई देऊनही दाखवली. बाकावर बसलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीला ती लगेच लागली.

वजनमापं तपासायच्या खात्यात त्याची सव्वीस वर्षं गेली होती आणि तेवढ्या वर्षांत त्याने कुणाला पाच ग्रॅमसुद्धा सोडले नव्हते. किराणावाले, भंगारवाले, सोनार, वखारवाले, सगळे त्याला ओळखून होते आणि तो त्यांना. तपासणीचा सुगावा लागला की ही मंडळी सकाळी उठून काटा शून्यावर आणून ठेवत, त्याच्यासमोर साधूसारखा चेहरा करून उभी राहत, आणि तो गल्लीच्या वळणापलीकडे गेला की पारड्याखाली पुन्हा चुंबक चिकटवत. म्हणून तो एकदा तपासून जायचा आणि वीस मिनिटांनी छत्री विसरलो म्हणून परत यायचा. भर उन्हाळ्यातही तो छत्री विसरायचा. त्या भागात त्याच्यापेक्षा त्याच्या छत्रीचा दरारा मोठा होता. आणि असा माणूस आज एका चुकीच्या काट्यासमोर जांभई देऊन गप्प बसला, कारण काटा चुकत होता तो त्याच्या बाजूने. मुलांच्या वजनाचा एक आलेख असतो, त्यावर खालून वर जाणाऱ्या रेषा असतात. साडेचार वर्षांच्या मुलीसाठी सगळ्यांत खालची रेषा तेरा किलोवर होती. छटाकचं वजन बारा किलो नऊशे होतं. हे त्याला नर्सने सांगायची गरज नव्हती. घरी खात्याने तपासून शिक्का मारलेला काटा होता, त्यावर तो तिला रोज सकाळी उभी करत होता, आणि काल संध्याकाळी तिला दोन केळी जास्तीची चारूनही सुई बाराच्या घरातून हलली नव्हती. खरं वजन रेषेच्या खाली, खोटं वजन रेषेच्या वर. मधे तो आणि त्याची जांभई.

ठिपका रेषेच्या वर हवा होता, कारण आज होणार होता तो शेवटचा अहवाल. छटाक परदेशातून आणलेली. दत्तकाच्या कार्यालयाने दोन वर्षांची मुदत घातली होती. दोन वर्षं मूल सांभाळा, वाढ कशी होते ते डॉक्टरांकडून तपासून घ्या, मग कायमचे कागद. मुदतीचं दीड वर्ष झालं आणि बायको गेली. तीन आठवड्यांचं दुखणं. ज्या बाईला साधी सर्दी झाली तरी ती आठ दिवस चहाच्या कपाशी तिची चर्चा करायची, ती एवढ्या मोठ्या दुखण्याबद्दल काहीच न बोलता गेली. मग कार्यालयाचं पत्र आलं. पहिली दोन वाक्यं दुःखाची होती. तिसऱ्यात लिहिलं होतं की बदललेल्या परिस्थितीत मुलीची वाढ या घरात पुढे सरकते आहे असं दिसलं तरच कागद होतील, एरवी तिच्यासाठी दुसऱ्या घराचा विचार करावा लागेल. दुसरं घर. त्याने पत्र घडी करून डब्यात ठेवलं, तांदळाच्या. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पुढे आठवडाभर भात करताना ते पत्र रोज वर येत राहिलं.

"वजन किती भरलं रे?" ताईने विचारलं. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. बायको गेल्यापासून ती दर रविवारी येत होती आणि सोमवारी, मंगळवारी जात होती. "तेरा-शंभर," तो म्हणाला. "बघ, मी म्हटलं नव्हतं? उगाच घाबरतोस. तू स्वतः चार वर्षांचा होईपर्यंत एक अक्षर बोलला नाहीस. आई सगळीकडे दाखवून आली. पुढे बोलायला लागलास, पण एवढं काय बोललास म्हणा." छटाक एव्हाना समोरच्या बाकावरच्या एका अनोळखी गृहस्थाच्या मांडीवर जाऊन बसली होती. गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं तेव्हा त्यांना कळलं. "ही तुमची?" त्यांनी विचारलं. "हो," तो म्हणाला आणि तिला उचलून आणलं. ती आली. तिला कुणीही उचललं तरी ती यायची. हाच घोर होता. बाजारात एकदा तिने त्याचं बोट सोडून कुणा भल्या माणसाचं बोट धरलं आणि तो माणूस दोन गल्ल्या चालत गेला. आपल्या हाताला काहीतरी लागलेलं आहे हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो छटाकपेक्षा मोठ्याने रडायला लागला. छटाक मुळी रडलीच नव्हती.

रडायची नाहीच ती. तिला आणायला गेले तेव्हा दोन विमानं आणि एक दिवसाची गाडी झाल्यावर ते अनाथालयाच्या एका लांबलचक दालनात पोचले होते. दोन्ही बाजूंना मिळून वीस पाळणे, वीसही पाळण्यांत जागी मुलं, आणि आवाज नाही. बायको दारातच थांबली. त्याला आधी बरं वाटलं, म्हटलं किती शहाणी मुलं. बायको म्हणाली, "अहो, ही रडत का नाहीत?" तिथल्या बाईंनी खाणाखुणांनी सांगितलं की रडून कुणी येत नाही हे मुलांना लवकर कळतं. सांगताना त्या हसल्या, कारण त्यांना शिस्तीचं कौतुक वाटत होतं. मग त्यांनी अडीच वर्षांचं एक गाठोडं बायकोच्या हातात दिलं. गाठोडं बायकोच्या खांद्यावर हनुवटी ठेवून भिंतीकडे बघत राहिलं. सोबत एक कागद होता, त्यावर वजन लिहिलेलं होतं, आणि त्याने विचारलं, "कुठल्या काट्यावर केलंय?" बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की तो विषय तिथेच संपला. पण परतीच्या दुसऱ्या विमानात, सगळे झोपलेले असताना, तीच हळूच म्हणाली, "अहो, हातावर घेऊन बघा ना. किती असेल?" त्याने घेतलं, तोललं. "साडेनऊ." "अडीच वर्षांचं मूल? एवढंसं? छटाकभर आहे हो." तेव्हापासून छटाक. कागदावर दुसरं नाव होतं, तिकडचं, लांब आणि सुंदर. ते फक्त डॉक्टर आणि कार्यालय वापरायचं, आणि छटाक त्याला ओ द्यायची नाही. हेसुद्धा गेल्या वर्षीच्या अहवालात उणं म्हणून लिहिलं गेलं होतं.

बायकोने वही केली होती. शाळेची दुरेघी वही, वर फुलांचं वेष्टन. आत डाव्या बाजूला एकाखाली एक 'पहिलं पाऊल', 'पहिला शब्द', 'पहिला ताप', 'पहिला पडलेला दात (अजून वेळ आहे)', आणि उजव्या बाजूला तारखा. काही गोष्टींपुढे तारखेबरोबर टीपही होती. 'मोज्यात पाव सापडला. विचारल्यावर लगेच काढून दिला. आपला आहे असं वाटतच नाही तिला.' छटाकचे मोजे म्हणजे कोठार होतं. पाव, बिस्किटाचे तुकडे, एकदा अख्खा उकडलेला बटाटा. पण कुणी नुसतं पाहिलं तरी ती वाकून सगळं काढून समोर ठेवायची, झडती द्यायची सवय असल्यासारखी. वहीच्या शेवटच्या पानावर तीन ओळींपुढे तारीख नव्हती: 'पहिला हट्ट', 'पहिलं भांडण', 'पहिली लबाडी'. तिसरी ओळ बायकोने गमतीने लिहिली आहे असं त्याला वाटायचं. लबाडीची वाट कोण बघतं? निदान त्याच्या खात्यात तरी कुणी बघत नव्हतं.

त्याच वहीत गेल्या वर्षीच्या तपासणीत बाईंनी काय काय विचारलं ते सगळं क्रमाने उतरवलेलं होतं. मनोरा आठ ठोकळ्यांचा, मग चित्रं, मग एका पायावर उभं राहणं, मग गोल काढणं, मग नाक-कान-डोळे, मग तुझं नाव काय. एक दिवस ते पान सापडलं. त्याला पारड्याखालचं चुंबक आठवलं. मग त्याने वही स्वयंपाकघरातल्या टेबलावर उभी केली आणि छटाकला हाक मारली. तीन आठवडे सराव चालला. घरात ठोकळे नव्हते. विकत आणता आले असते, पण हे कुणाच्या डोक्यात येणार? घरात पितळी वजनांची पेटी होती. पाच किलो, दोन, एक, पाचशे, दोनशे, शंभर, पन्नास, वीस. बरोबर आठ. देवानेच मोजून ठेवल्यासारखी. पाच किलोचं छटाकला उचलायचं नाही म्हणून ते तो ठेवायचा, बाकीची ती हातावर तोलून लावायची, जड खाली, हलकं वर. वीस ग्रॅमचं मात्र पेटीतलं नव्हतं. ते त्याच्या पँटच्या उजव्या खिशात असायचं. त्याच्या पहिल्या नेमणुकीचं, खात्याने बाद केलेलं, कडा झिजलेलं. बोलताना, चालताना, रांगेत उभं राहताना तो ते बोटांनी फिरवायचा. त्याने खिशाला भोक पडायचं आणि बायको शिवायची. "खिसा आहे की चाळण?" असं म्हणून शिवायची. मनोरा सात वजनांचा झाला की छटाक त्याच्या खिशाकडे बघायची, तो वीस ग्रॅमचं काढून द्यायचा, ती टोकावर ठेवायची, आणि दोघं त्याच्याकडे बघत राहायचे. त्यानंतर लगेच न सांगता चित्रं, न सांगता एक पाय, न सांगता गोल. पोरगी तयार झाली. शिक्का मारायला हरकत नाही, असं त्याला तपासणीच्या आदल्या दिवशी वाटलं आणि त्या वाटण्याची त्याला लाजही वाटली.

"या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. साठीच्या असाव्यात, चष्म्याला साखळी, आवाज शाळेतल्या घंटेसारखा. "तुम्ही बाबा. आणि या?" "आत्या," ताई म्हणाली आणि न विचारता खुर्ची ओढून बसली. "दोघंही भिंतीशी बसा. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, खोकायचंसुद्धा नाही." ताईला त्याच क्षणी खोकला आला. बाईंनी पेटी उपडी केली. निळे, पिवळे, हिरवे आणि एक लाल, असे आठ लाकडी ठोकळे टेबलावर पसरले. "याचा मनोरा करून दाखव बरं." छटाकने एक ठोकळा उचलला, तळहातावर ठेवला, हात खालीवर केला. खाली ठेवला. दुसरा उचलला, तोलला, खाली. तिसरा. तिचा चेहरा उतरत गेला. सगळ्यांत जड कुठला ते कळेना, कारण सगळे सारखे. तिने भिंतीकडे पाहिलं. तो छताकडे बघायला लागला. बाई काहीतरी लिहीत होत्या. उलटं लिहिलेलं वाचणं हा त्याच्या धंद्यातला रोजचा भाग होता. त्याने वाचलं: 'वस्तू हातात घेऊन निरर्थक हालचाल, पुन्हा पुन्हा.' "ती तोलते आहे," तो म्हणाला. "बोलायचं नाही ठरलंय." "निरर्थक नाही ते. ती वजन..." "बाबा!" बाई म्हणाल्या, आणि पन्नाशीचा माणूस खुर्चीत गप्प झाला. छटाकने आता लाल ठोकळा उचलला होता. तोलला. पुन्हा तोलला. मग तो बाजूला ठेवून म्हणाली, "हलका." "सगळे सारखे आहेत, बाळ," बाई म्हणाल्या. "हलका," छटाक म्हणाली. "बरं, असू दे. हे राहू दे, नंतर करू."

बाईंनी चित्रांची पानं काढली आणि तिथून गाडी सुटली. बाईंनी पहिल्या चित्रावर बोट ठेवायच्या आत छटाकने सगळी चित्रं सांगून टाकली, "बस, घर, छत्री," आणि खुर्चीवरून उतरून एका पायावर उभी राहिली. "हे मी अजून सांगितलंच नाहीये," बाई म्हणाल्या. छटाक दुसऱ्या पायावर गेली. मग टेबलाशी येऊन तिने बाईंच्या हातातली पेन्सिल घेतली, त्यांच्याच अहवालाच्या कोपऱ्यात एक गोल काढला, पेन्सिल परत दिली आणि एका दमात नाक, कान, डोळे दाखवून मोकळी झाली. बाईंचे डोळे चष्म्याच्या वर आले. "आता मी काय विचारणार आहे?" त्यांनी छटाकला नव्हे, त्याला विचारलं. "नाव," त्याच्या तोंडून निघून गेलं. "छटाक," छटाक म्हणाली. ताई हसली आणि ते लपवायला खोकली. "शिकवून आणलंय," बाई म्हणाल्या. सव्वीस वर्षं जे चेहरे त्याने दुकानांत गल्ल्यामागे पाहिले होते, तसाच चेहरा आपण करून बसलो आहोत हे त्याला आतून जाणवलं. भुवया थोड्या वर, ओठ बंद, नजर काट्यावर नाही. किती सोपा होता तो चेहरा. न शिकता येत होता. बाईंनी लिहायला घेतलं आणि मधे हात आला म्हणून त्याला वाचता आलं नाही. दुसरं घर, त्याच्या मनात आलं. ते कसं असेल याचा विचार तो रोज करत असे. पडदे असतील. बाई असेल. पहिल्या दिवशी छटाक त्या बाईच्या मांडीवर जाऊन बसेल, न रडता, आणि तिथल्या भिंतीकडे बघत राहील. तिला काहीच होणार नाही. हेच त्याला सहन होत नव्हतं.

"आता मनोरा," बाई म्हणाल्या. "शेवटचा." छटाक टेबलाशी बसली. या वेळी तिने तोललं नाही. एकावर एक, एकावर एक, जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून. सात झाले. ती थांबली. बाई थांबल्या. बाईंनी टेबलाखाली पाहिलं, पेटीत पाहिलं, पानांखाली पाहिलं. "आठ होते. लाल कुठे गेला?" छटाक मनोऱ्याकडे बघत होती. तिचा डावा पाय खुर्चीवर, दुमडून, तिच्या खाली होता. त्याला त्याच क्षणी कळलं. मोजा. आता ही वाकेल, काढेल, झडती दिल्यासारखी समोर ठेवेल. त्याने वाट पाहिली. ती वाकली नाही. "लाल ठोकळा कुणी घेतला?" बाईंनी विचारलं. छटाकने मान वर केली, बाईंच्या डोळ्यांत सरळ पाहिलं, मग हात लांब करून भिंतीकडे दाखवलं. "बाबांनी घेतला," ती म्हणाली. "खिशात आहे."

पाठ केलेलं सोडलं तर आजवर तिचं सगळ्यांत लांब बोलणं दोन शब्दांचं होतं. ताईने पदर तोंडाला लावला. त्याचा हात आपोआप उजव्या खिशाकडे गेला. पाय दुमडलेला, मोजा फुगलेला, आणि चेहरा? चेहरा त्याच्या ओळखीचा होता. भुवया थोड्या वर, ओठ बंद. बायको असती तर टाळ्या वाजवून बाईंच्या गळ्यात पडली असती. त्याला एकाच वेळी हसू आलं आणि भीती वाटली. "बाबा, तुम्ही घेतला?" बाईंनी विचारलं. त्याने आयुष्यभर कुणाची खोटी साक्ष खपवून घेतली नव्हती. "हो," तो म्हणाला, "मीच घेतला." "मग द्या की." खिशात होतं ते वीस ग्रॅमचं पितळी वजन. त्याने ते टेबलावर ठेवलं. छटाकने ते उचललं, तळहातावर ठेवलं, एकदाच खालीवर केलं. तिचा चेहरा खुलला. खुर्चीवर उभी राहून, दुमडलेला पाय जपून, तिने ते सात ठोकळ्यांच्या टोकावर ठेवलं. मनोरा डुलला आणि थांबला. "आठ," ताई मोठ्याने म्हणाली. तिला कुणी दटावलं नाही.

बाई पुष्कळ वेळ लिहीत होत्या. मग पेन खाली ठेवून त्यांनी चष्मा छातीवर सोडला. "मी सांगू का तुम्हाला? तुम्ही शिकवलेलं सगळं मी कापलंय. त्याचे गुण शून्य." "बरोबर आहे," तो म्हणाला. "बोलणं मागे आहे, वजन मागे आहे. वर्षभर दर आठवड्याला आणायचं इथे." "आणीन." "गेल्या वर्षी आईबरोबर आली होती. तपासणी झाली आणि ही माझं बोट धरून दारात उभी राहिली. माझ्याबरोबर घरी यायला. आईकडे वळून पाहिलंसुद्धा नाही. तुमची मिसेस बाहेर जाऊन बसली होती थोडा वेळ." हे त्याला माहीत नव्हतं. वहीत नव्हतं. "आणि आज चोरी केली, पचवली, आणि वर आळ घेतला. मी इथे होते, आत्या होत्या. आळ घेतला तो तुमच्यावर. परक्या माणसावर मूल आळ घेत नाही, बाबा. परका रागावून निघून गेला तर काय घ्या? आळ घ्यायला घरचंच माणूस लागतं." बाईंनी कागदावर शिक्का उमटवला. शिक्क्याचा आवाज त्याच्या ओळखीचा होता, पण इतक्या वर्षांत तो दुसऱ्या बाजूने कधी ऐकला नव्हता. "या घरात पुढे सरकते आहे, असं लिहिलंय. कागद होतील." ताईने आता उघडपणे डोळे पुसले. "आणि हो," बाई म्हणाल्या, "तो लाल खरंच हलका आहे का हो? तो मागाहून आणलेला आहे. मूळचा हरवला, मग बाजारातून एक आणून त्यांच्यात मिसळला. दहा वर्षांत कुणाला कळलं नाही." "तीन ग्रॅमचा फरक असेल," तो म्हणाला. "तिचा हात चांगला आहे." "असू दे तिला. तुमचं हे पितळी इथे ठेवून जा, माझे आठ व्हायला हवेत." त्याने ठेवलं. मग खुर्चीवरून उठता उठता त्याला राहवलं नाही. "बाई, तुमचा बाहेरचा वजनकाटा दोनशे ग्रॅम पुढे आहे. ही तेरा-शंभर नाही. बारा-नऊशे आहे. मी सकाळी बोललो नाही." बाईंनी आलेख त्याच्याकडे वळवला. ठिपका रेषेच्या खाली होता. बारा-नऊशे. "नर्सला माहीत आहे. ती लिहिताना वजा करते."

"चार वर्षं झाली," नर्स बाहेर म्हणाली. "सगळ्यांचे दोनशे वजा करायचे. हिशोब सोपा आहे." "वजा करता? अहो, पण दुरुस्त का नाही करत?" त्याचा आवाज चढला. मघाशी त्याच्यात जो दुकानदार होता तो गेला आणि खात्याचा माणूस परत आला. शर्टाच्या खिशातला बारका पेचकस काढून तो जमिनीवर बसला, काट्याच्या पाठीमागचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला, सुई शून्यावर येऊन उभी राहिली. "आता वजा करायचं नाही," त्याने नर्सला बजावलं. "बरं," नर्स म्हणाली. ताईने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. फाटकापर्यंत गेल्यावर तो थांबला. "काय रे?" "छत्री विसरलो." "छत्री कुठे आणली होतीस?" पण तो गेला होता. नर्स एका गुटगुटीत बाळाला काट्यावर बसवून वजन करत होती. "आठ-पाचशे," ती म्हणत होती आणि लिहीत होती आठ-तीनशे. तिने मान वर केली, दारातला माणूस पाहिला, मुकाट्याने तीनशे खोडून पाचशे केलं.

फाटकाबाहेर बाक होता. ताई फळवाल्याशी केळ्यांवरून वाद घालायला गेली. तो बाकावर बसला, पिशवीतून वही काढली, शेवटचं पान उघडलं. 'पहिली लबाडी', आणि पुढे रिकामी जागा, तिने हाताने आखलेली, किंचित तिरकी. त्याने आजची तारीख घातली. पेन कागदावरून उचललं नाही. सकाळची जांभई आठवली. ती मुलीच्या लबाडीच्या आधी झाली होती, निदान तासभर आधी. वही खरी असायला हवी होती. त्याने तारखेपुढे लिहिलं, 'दोघांची.' शेजारी छटाक वाकून मोज्याशी काहीतरी करत होती. त्याने तिकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित तिने काढून समोर ठेवलं असतं. मग त्याच्या उजव्या खिशात, जिथे आज काहीच नव्हतं, एक लहान हात शिरला आणि परत गेला. खिशाला थोडं वजन आलं. वीस नव्हे. सतरा असेल.

"चला," केळी घेऊन आलेली ताई म्हणाली. छटाकने त्याचं बोट धरलं. रस्त्याने वर्तमानपत्रवाले गृहस्थ समोरून आले, तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि बोट सोडलं नाही. तो दुसऱ्या हाताने खिसा बाहेरून धरून चालत होता. "खिसा का धरलायस रे असा?" ताईने विचारलं.

"भोक पडलंय."

"परवाच तर मी शिवला."

"तरी पडलंय," तो म्हणाला.